पंचविसावी खेप

कॅप्टन : तेवढंच सांग. काल तुझ्या लक्षात आलं होतं की नव्हतं?

नवी : आलं होतं, सर.

कॅप्टन : काय आलं होतं?

नवी : टॉवरने आपल्याला सहा हजार फूट सांगितले होते. तुम्ही यंत्रावर सात हजार लावले.

कॅप्टन : मग मूग गिळून का बसलीस?

नवी : मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं असेल. तुम्ही इतकी वर्षं उडवताय. मी आकड्याकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, परत आकड्याकडे बघितलं...

कॅप्टन : तीन वेळा बघितलंस. मी मोजत होतो. शेवटी सहा हजार यायच्या आधी मलाच तो आकडा खाली आणावा लागला.

नवी : म्हणजे तुम्ही मुद्दाम लावला होता?

कॅप्टन : प्रत्येक नव्या माणसाबरोबर एकदा लावतो.

मुकादम : ताई, मनाला लावून घेऊ नका. साहेबांची ती जुनी खोड आहे. तेवीस वर्षं मी या विमानांत माल भरतोय, निम्मे लोक तिथेच अडकलेले बघितलेत. जरा बाजूला व्हा, पिल्लांचे डबे येतायत.

नवी : बापरे, केवढा कलकलाट.

मुकादम : काल अंड्यातून बाहेर आलीत आणि आज विमानात बसतायत. मी साठीला आलो, अजून एकदा बसलेलो नाही.

कॅप्टन : मुकादम, तुम्ही डबे चढवा. मी हिच्याशी बोलतोय.

मुकादम : बोला की. माझे कान काय डब्यात भरलेत?

कॅप्टन : हे बघ. मोठ्या कंपनीत तुझ्यावर नजर ठेवायला दहा माणसं आणि वीस यंत्रं असतात. आपल्याकडे दोन विमानं, सहा पायलट आणि हे मुकादम. तिथे वर फक्त तू आणि मी. मी चुकलो तर मला सांगायला तुझ्याशिवाय कोण आहे?

नवी : कळतंय मला. पण तोंडच उघडत नाही, सर. घरी मोठ्यांची चूक काढली की आई नुसते डोळे वटारायची. तेवढ्याने मी आठवडाभर गप्प.

कॅप्टन : तुझी आई माझ्या विमानात नाही.

नवी : नाही, सर.

कॅप्टन : आज तुझी पंचविसावी, शिकण्यातली शेवटची खेप. हा फॉर्म माझ्या खिशात आहे. आज सही झाली तर उद्यापासून सहवैमानिकाची उजवी सीट तुझी. नाही झाली तर...

नवी : ठाऊक आहे. परत ऑफिसात, वजनाचे तक्ते करायला.

कॅप्टन : किती महिने केलेस?

नवी : चौदा. त्याआधी दोन वर्षं नुसते अर्ज. मोठ्या कंपन्यांकडून नकारसुद्धा आला नाही. नकार आला असता तर निदान अर्ज कुणी वाचला तरी असता, असं वाटायचं. तुमच्या ऑफिसने बोलावलं तेव्हा आत्या म्हणाली, पायलट होऊन कोंबड्या वाहणार का?

मुकादम : मग तुम्ही काय म्हणालात?

नवी : म्हटलं, हो.

मुकादम : झकास.

कॅप्टन : कालचं मी फॉर्मवर लिहिलंय. खोटं लिहिणार नाही. आज काय होतं त्यावर पुढचं ठरेल.

नवी : आज पण काही मुद्दाम चुकवणार का?

कॅप्टन : ते सांगून केलं तर त्याला काय अर्थ?

मुकादम : साहेब, ऊन चढायला लागलंय. डब्यांना भोकं आहेत, पण हवा खेळायला विमान हललं पाहिजे. वीस मिनिटांत निघालात तर बरं.

कॅप्टन : मागचा माल झाला?

मुकादम : पंपाचे चार खोके सगळ्यात मागे. ते चढवताना विमान शेपटीवर बसायला लागलं होतं, पण शेपटीखाली लोखंडी टेकू खिळीने अडकवला होता म्हणून निभावलं. औषधं मधे. पिल्लं पुढे, तुमच्या पाठीशी, म्हणजे थंड राहतील.

नवी : जड मागे का ठेवलं? तक्त्यात मी पंप मधे लिहिले होते.

मुकादम : मधे औषधांचा खोका बसला. तो आडवा करायचा नाही असं लिहिलंय.

नवी : मग आकडे बदलतील. थांबा, परत मांडते. दोन मिनिटं... बसतंय. मर्यादेत आहे. पण मला आधी सांगायचं ना, काका.

मुकादम : सांगितलं की आत्ता.

कॅप्टन : ती म्हणते ते बरोबर आहे, मुकादम. जागा बदलली की आधी सांगायचं.

मुकादम : बरं बाबा. दोघं मिळून मलाच धरा.

कॅप्टन : तू तो तक्ता पुरा कर आणि बस आत. बाहेरून तपासणीची फेरी मी मारतो. टेकूही मीच काढतो.

नवी : ठीक आहे, सर.

मुकादम : साहेब, ओ साहेब. शेपटीपाशी आहात का? जरा इकडे पुढे या. पिल्लांचे डबे बारा लिहिलेत, मला अकराच दिसतायत.

कॅप्टन : नीट मोजा.

मुकादम : तीनदा मोजले. शंभर जीव कमी भरले तर पलीकडचा पोल्ट्रीवाला माझ्या नावाने शंख करेल.

कॅप्टन : आलो. ...नऊ, दहा, अकरा. तुमच्या जाळीखाली काय आहे ते?

मुकादम : हा काय बारावा. अरे, हा जाळीत कसा अडकला? माफ करा, साहेब.

कॅप्टन : असू दे. दार लावा. निघतो आम्ही. ...हं, पट्टा बांधलास? उड्डाणाआधीची यादी वाच.

नवी : दारं?

कॅप्टन : बंद. दिवा विझलाय.

नवी : इंधन?

कॅप्टन : दोन्हीकडे पुरेसं.

नवी : टेकू?

कॅप्टन : काढला.

नवी : एक मिनिट, सर.

कॅप्टन : पुढे वाच.

नवी : सर, टेकू आत आणल्यावर तुमच्या सीटमागच्या कडीला लावता ना?

कॅप्टन : हो.

नवी : कडी रिकामी आहे.

कॅप्टन : मग मुकादमांनी मागे ठेवला असेल. पिल्लांमुळे इथे जागा कुठे आहे?

नवी : जागा आहे. आणि काढणार तुम्ही होतात, मुकादम नाही.

कॅप्टन : अगं, मी स्वतः शेपटीपाशी होतो. माझ्या हाताने काढलाय. पुढे वाच, पिल्लं तापतायत.

नवी : सर...

कॅप्टन : काय?

नवी : तुम्ही रागावलात तरी चालेल. सही नाही केलीत तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण... मी खाली उतरून बघते. बघितल्याशिवाय मी पुढची ओळ वाचणार नाही.

कॅप्टन : वाचणार नाहीस?

नवी : नाही, सर. बाबा ट्रक चालवायचे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची. ढाब्यावरून निघताना क्लीनर म्हणायचा, दोर बांधलाय मालक. बाबा हो म्हणायचे आणि मला खाली उतरवायचे, जा, प्रत्येक दोर ओढून बघ. क्लीनरला वाईट वाटायचं. मलाही वाटायचं. पण मी ओढून बघायची.

कॅप्टन : ...जा. बघून ये.

मुकादम : काय झालं, ताई? काही राहिलं का?

नवी : काका, दोन मिनिटं. इंजिन चालू नाहीये, या माझ्याबरोबर मागे.

मुकादम : अरे देवा.

नवी : हं. टेकू अजून खालीच.

मुकादम : साहेबांनी काढला नाही? मला वाटलं त्यांनी काढला. मी त्यांना इथूनच हाक मारली होती, पिल्लांसाठी.

नवी : म्हणून. त्यांचा हात खिळीवर होता आणि तुम्ही बोलावलंत. धरा जरा, मी खीळ ओढते. ...निघाला.

मुकादम : हे असंच निघाला असतात तर शेपटी फाटली असती हो.

नवी : चला, साहेबांना दाखवू.

मुकादम : साहेब, सापडला टेकू. तिथेच होता. ही पण तुमची परीक्षाच होती वाटतं? म्हाताऱ्याचा जीव घ्याल एक दिवस.

कॅप्टन : तो कडीला लाव. चल, बस आत. यादी पहिल्यापासून वाच.

नवी : पहिल्यापासून?

कॅप्टन : पहिल्यापासून.

(सव्वा तासाने. पलीकडच्या लहानशा विमानतळावर माल उतरतो आहे. दोघं पंखाच्या सावलीत उभी आहेत.)

नवी : बाराच्या बारा डबे जिवंत. पोल्ट्रीवाला चक्क हसला, सर. एक पिल्लू त्याने माझ्या हातावर ठेवलं होतं.

कॅप्टन : वजन किती होतं?

नवी : पिल्लाचं? असेल चाळीस ग्रॅम. तुम्ही पण ना.

कॅप्टन : उतरताना वारा आडवा होता. विमान चांगलं धरलंस.

नवी : थँक यू, सर. खरं सांगू? कालचं मला रात्रभर टोचत होतं. म्हणून तुम्ही आज परत संधी दिलीत ते बरं झालं. आणि टेकूची परीक्षा तर कमाल होती. काढला म्हणताना चेहऱ्यावरची रेषही हलली नाही तुमच्या.

कॅप्टन : हा फॉर्म घे. माझा शेरा मोठ्याने वाच.

नवी : चोविसावी खेप. उंची चुकीची लावली असता लक्षात येऊनही बोलली नाही. ...हे कालचं. पंचविसावी खेप. बाहेरच्या फेरीत शेपटीखालचा टेकू माझ्याकडून काढायचा राहिला. यादी वाचताना मी तो काढल्याचं सांगितलं. सहवैमानिकाने माझ्या सांगण्यावर विश्वास न ठेवता खाली उतरून खात्री केली आणि... सर?

कॅप्टन : वाच.

नवी : आणि अपघात टाळला. ही ठरवून घेतलेली चाचणी नव्हती. चूक माझी होती. उजव्या सीटसाठी पात्र.

कॅप्टन : खाली सही आहे. तारीखही घातलीय.

नवी : मला खरंच वाटलं होतं की तुम्ही...

कॅप्टन : मुकादमांनाही वाटलं. दोन वाक्यं बोललो असतो तर सगळ्या ऑफिसलाही वाटलं असतं. येतानाच्या वाटेवर पाऊण तास मी तोच विचार करत होतो. फार सोपं होतं.

नवी : मुख्य वैमानिक तुम्हाला बोलावतील.

कॅप्टन : बोलावू देत.

नवी : तुमच्या निवृत्तीला आठच महिने राहिलेत, सर. एवढ्या वर्षांत तुमच्या कागदावर एक डाग नाही, असं सगळे म्हणतात. हे लिहायची गरज नव्हती. मी कुणाला सांगितलं नसतं.

कॅप्टन : बघ. परत गप्प बसायला निघालीस.

नवी : हो. निघाले होते.

कॅप्टन : तुला काल सकाळपासून सांगतोय, गप्प बसू नकोस. मग मी कोणत्या तोंडाने गप्प बसू?

नवी : भीती वाटली होती का, सर? मी खाली उतरले तेव्हा?

कॅप्टन : तू उतरलीस तेव्हा नाही. तू टेकू हातात घेऊन आलीस तेव्हा. मला अजून आठवतंय की मी तो काढला. खीळ ओढल्याचं हाताला आठवतंय. ते कुठल्यातरी दुसऱ्या दिवशीचं असणार. वय झालं की असे दिवस एकमेकांत मिसळतात. म्हणून ही चूक मला कागदावर हवी होती.

नवी : तुमच्यावर विश्वास न ठेवता असं लिहिलंय. ते वाचून कसंतरीच वाटतंय.

कॅप्टन : मला फार बरं वाटलं ते लिहिताना. तुझे वडील अजून ट्रक चालवतात?

नवी : नाही, गुडघे गेले. दिवसभर खिडकीत बसून वरून काय जातंय ते बघत असतात. प्रत्येक विमान माझंच वाटतं त्यांना.

कॅप्टन : फोन केलास?

नवी : सही झाल्याशिवाय करणार नव्हते.

कॅप्टन : मग आता कर.

नवी : हॅलो, बाबा? हो, उतरले. हो, जेवते. बाबा, ऐका ना... झालं. सही झाली. उद्यापासून. ...बाबा? अहो, रडताय काय? ...आत्याला सांगा. सांगा, कोंबड्याच होत्या. बाराशे. ...नाही, दोर नव्हता, दुसरं काहीतरी होतं. ओढून बघितलं. घरी आल्यावर सांगते. ...हो. ठेवते.

कॅप्टन : काय म्हणाले?

नवी : म्हणाले, तुझ्या साहेबांना नमस्कार सांग. आणि त्यांच्यावर लक्ष ठेव.

कॅप्टन : शहाणा माणूस आहे. चल, परतीचा माल आला. शिलाई मशिनं आहेत, जड आहेत. टेकू लावून घे आणि लोकांना ती मधेच ठेवायला सांग.

नवी : लावते. आणि निघताना काढायचा कुणी?

कॅप्टन : तू काढ. मग मी खाली वाकून बघतो.