शून्य दिवसांची एकसष्ट घरं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आपल्या संशोधन विभागातले माझे लहानथोर सहकारी, आणि दाराजवळची खुर्ची धरून बसलेल्या आमच्या पायपीटबाई,

निवृत्तीच्या दिवशी स्वतःविषयी इतकं चांगलं ऐकून मी अवघडून गेलोय. आमच्या सौभाग्यवती समोरच आहेत. ही मंडळी नक्की कोणाबद्दल बोलताहेत, असा त्यांचा चेहरा झाला होता. मानपत्रात माझ्या गिरणी अहवालाचा तीनदा उल्लेख आला. मला बोलायचंय ते त्याच्याविषयीच.

नव्या मंडळींसाठी सांगतो. तेवीस वर्षांपूर्वी इथली गिरणी बंद पडली. कामगारांचं किती नुकसान झालं, ते आम्हाला शोधायचं होतं. पायपीटबाईंनी (हे नाव मीच ठेवलं) चपला झिजवून चारशे घरं पालथी घातली. मुख्य प्रश्न एकच: गेल्या वर्षात किती दिवस काम मिळालं? उत्तरं मी सॉफ्टवेअरमध्ये भरली आणि निष्कर्ष काढला, नुकसान किरकोळ. त्यावरून कामगारांची मदत योजना थांबली आणि मला बढती मिळाली.

अहवाल छापून आला तेव्हा बाई माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "सर, मी चारशे घरं फिरले. तक्त्याखाली तीनशे एकोणचाळीस कशी?" मी मान वर न करता सांगितलं, "थोडीफार गळतातच, बाई." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. काय काय सोयी सांगू? एका आज्ञेत आलेख, जुने-नवे तक्ते शेजारी शेजारी. मी हौसेनं माझा तो जुना प्रोग्रॅम चालवून पाहिला. निकालाआधी सूचना आली: एकसष्ट नोंदी वगळत आहे, शून्याचा लॉगॅरिदम नसतो. आणि खाली घरांचे क्रमांक.

मोठे आकडे आटोक्यात आणायला आम्ही त्यांचा लॉगॅरिदम घेतो. शून्य असलेली ओळ जुनं सॉफ्टवेअर मुकाट्याने टाकून द्यायचं. नवं आधी सांगतं. म्हणजे ज्यांना वर्षभरात एकही दिवस काम मिळालं नाही, नेमकी तीच घरं माझ्या अभ्यासात नव्हती.

यादीत दोनशे चौदा क्रमांकाचं घर होतं. त्या घरी मी बाईंबरोबर गेलो होतो. त्या गृहस्थाने घरातली एकुलती एक खुर्ची पुसून मला दिली, तिच्या आखूड पायाखाली कागदाची घडी सारली आणि स्वतः उभा राहिला. एखादा दिवस तरी मिळाला असेल ना, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, "खोटं कशाला सांगू? एकही नाही." शेजारच्याने लाजेखातर एक दिवस सांगितला. शेजारी माझ्या तक्त्यात आहे. हा नाही.

तेव्हापासून मी बसतो ती प्रत्येक खुर्ची मला डुगडुगल्यासारखी वाटते. आत्ता इथे अध्यक्षांनी विचारलं, बरं वाटत नाही का? नाही वाटत, साहेब. भीती वाटते. भर दुपारी तो माणूस माझ्या टेबलासमोर उभा असतो, आणि बसा म्हटलं तरी बसत नाही.

सगळी घरं धरून मी पुन्हा गणित मांडलं. नुकसान मी सांगितलं त्याच्या तिप्पट निघालं. दुरुस्ती सकाळीच अध्यक्षांकडे दिली आहे. जाता जाता विभागाची अब्रू कशाला घालवता, असं ते प्रेमाने म्हणाले. साहेब, पाच वाजेपर्यंत मी नोकरीत आहे. ती दुरुस्ती माझ्याच सहीने जाऊ द्या, आणि मानपत्र इथेच राहू द्या.

काल ती यादी घेऊन मी बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे वाचली. म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तुम्ही मुद्दामच गाळलीत. म्हणून परत विचारलं नाही." मुद्दाम कुठलं? मी तर बघितलंसुद्धा नव्हतं.

मग आम्ही दोघं दोनशे चौदावर गेलो. तिथे आता दुसरीच मंडळी राहतात. आधीचे कुठे गेले, गल्लीत कुणालाच सांगता आलं नाही.

आपण एवढं ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते आपण पोटात घालाल, याची खात्री आहे. पण त्या एकसष्ट घरांची क्षमा कुणाच्या दारात जाऊन मागायची, तेवढं कुणी सांगितलंत तर फार उपकार होतील.