ओढ्याला मी गेलोच नव्हतो

बसा, समदे बसा. मालनवैनी, प्रज्ञा, विहारातल्या बायाबापड्यांनो, लोहाऱ्यावरनं आलेल्या पाव्हण्यांनो.

मला बोलता येत न्हाय. तीस वर्षं गिरणी चालवली, पट्ट्याच्या आवाजात माणूस बोलायचं विसरतो. आन् या विहारात मी आज पहिल्यांदा पाय ठेवला. घर इथनं शंभर पावलांवर, वय साठीच्या पुढं, तरी पहिल्यांदा.

आज सकाळी सुदामच्या घरी, मालनवैनीच्या दारात गेलो. म्हणलं, "वैनी, सुदामच्या शोकसभेत मला चार शब्द बोलायचेत." त्या म्हणल्या, "तवा बोलला असता अप्पा, तर आज बोलायची पाळी आली नसती." मंग म्हणल्या, "बोला. पर रडू नका. तुमी रडायला लागला की लोकं तुमालाच पाणी द्यायला पळतील."

म्हणून मी रडत न्हाय. सांगतो.

सुदाम परवा सकाळी चहा घेता घेता गेला. डाक्टर म्हणला, हृदय बंद पडलं. पर तुमाला समद्यांना ठावं हाय, सुदाम चौदा वर्षं तुरुंगात व्हता, आन् त्यातली लई वर्षं फाशीच्या कोठडीत. कशामुळं? तर काशीनाथ अण्णा आन् त्यांची मंडळी शेतातल्या घरी मारली गेली. वाईट झालं. लई वाईट. अण्णांचा दत्ता इथं मागं उभा हाय. दत्ता, बस बाबा. तुझ्यासाठीबी बोलतोय.

आठवत्यात का ते दिवस? आपण रस्ता अडवून बसलो व्हतो. आरोपी धरा, आरोपी धरा. पुढारी येऊन गेले, टीव्हीवाले येऊन गेले. ठाण्याच्या साहेबाला वरनं दिवसाला दहा फोन. आन् कुणीतरी म्हणलं, सुदाम अण्णांच्या इथं मोटर दुरुस्तीला जायचा, वाटेवरनं त्याचं अण्णांशी भांडण झालं व्हतं. झालं. तेवढंच. त्याला उचलला.

दोन दिवसांनी एक शिपाई गिरणीत आला. "अप्पा, पंच म्हणून सही पायजे, चला." मी पिठाच्या अंगानंच गेलो. साहेबाच्या टेबलावर कागदात गुंडाळलेला कोयता व्हता. कोपऱ्यात सुदाम बसला व्हता, पाय हे एवढे सुजलेले. म्या कागद वाचायला घेतला. साहेब म्हणले, "वाचायचं काय त्यात? समदं नियमानं लिवलंय." म्या सही केली.

त्या कागदात काय व्हतं, ते साक्षीला बोलावलं तवा कळलं. त्यात लिवलं व्हतं की सुदाम सोताहून म्होरं चालला, ओढ्यावर गेला, मोरीखालनं कोयता काढून दिला, आन् हे समदं म्या डोळ्यानं बघितलं.

ऐका. ओढ्याला मी गेलोच नव्हतो. कोयता कुठनं आला, मला ठावं न्हाय. तवाबी नव्हतं, आजबी न्हाय.

मंग कोर्टात काय सांगितलं? साक्षीच्या आदल्या दिवशी ठाण्याच्या साहेबानं मला बसवून समदं पाठ करून घेतलं. "लिवलंय तेच बोलायचं. फिरलास तर खोट्या साक्षीचा गुन्हा तुझ्यावर." सरकारी वकिलानं इचारलं, "आरोपीनं तुमच्यासमोर कोयता काढून दिला?" म्या म्हणलं, "व्हय." सुदामला सरकारनं दिलेला वकील त्या सकाळीच त्याला पहिल्यांदा भेटला व्हता. त्यानं मला एकच प्रश्न इचारला, "तुम्ही पोलिसांच्या ओळखीचे का?" म्हणलं, "न्हाय." तो खाली बसला. त्यानं एवढंच इचारलं असतं, "अप्पा, ओढ्याला पाणी किती व्हतं?" तर मी तिथंच मोडलो असतो. कुणी इचारलंच न्हाय.

म्या असं का केलं? भ्यालो, हे खरं. पर आणिक एक खरं हाय. मला वाटलं, पोलिसांनी उगं धरला नसंल. त्यांच्याकडं दुसरं काय तरी असंल. पोलिसांना वाटलं, समदा गाव म्हणतोय मंजी खरं असंल. जज्ज साहेबांना वाटलं, या गिरणीवाल्याचं काय वाकडं, हा कशाला खोटं बोलंल? जो तो दुसऱ्याच्या भरवशावर. आन् मधी एक माणूस. त्यानं कुणाकडं बघायचं?

फाशी लागली त्या दिवशी चौकात पेढे वाटले. म्याबी खाल्ला.

वरच्या कोर्टानंबी फाशीच ठेवली. लई वर्षांनी एक वकीलबाई आली, तरुण पोरगी. गिरणीच्या दारात उभी राहून तिनं नेमका तोच प्रश्न इचारला. "अप्पा, त्या दिवशी ओढ्याला पाणी किती होतं?" म्हणलं, "याद न्हाय." तिनं माझ्याकडं बघितलं. "अप्पा, तुम्ही गेलाच नव्हता का?"

म्या गिरणी चालू केली. आवाजात तिला पुढं बोलता येईना. ती गेली.

सुदाम सुटला तो माझ्यामुळं न्हाय. त्या पोरीनं जुने कागद चाळले. कोयता काढून दिला ती येळ सकाळची लिवली व्हती, आन् सुदामची अटक कागदावर दाखवली ती त्याच दिवशी संध्याकाळची. अटकेच्या आधीच कोयता! दोन कोर्टांत कुणाच्या डोळ्याला दिसलं न्हाय. दिल्लीच्या कोर्टानं निर्दोष म्हणून सोडला.

तीन वर्षांमागं तो घरी आला. आपून काय म्हणलो? 'निर्दोष' हा शब्द तुमच्यापैकी कुणाच्या तोंडनं ऐकला का? आपून म्हणलो, "सुटला." म्हणलो, "वकील चांगला मिळाला." मोटर बिघडली तर लोहाऱ्यावरनं मिस्त्री आणला, त्याला न्हाय बोलावलं. लोहाऱ्याला जायच्या जीपमधी बसला की तो दोन्ही मनगटं एकाला एक लावून मांडीवर ठिवायचा. बेडी नसायची, तरी. कुणी शेजारी बसायचं न्हाय.

एकदा ज्वारी दळायला आला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. म्हणला, "अप्पा, कोर्टात तुमी माझ्याकडं एकदाबी का न्हाय बघितलं? मी लई वाट बघितली. वाटायचं, बघितलं तर तुमच्या तोंडनं ते निघायचं न्हाय."

म्हणलं, "भ्यालो व्हतो."

म्हणला, "मीबी."

मंग म्हणला, "एक करा. एकदा ग्रामसभेत उभं राहून सांगा. माझं काय राहिलंय? पर प्रज्ञाला खुन्याची पोर म्हणत्यात. तिच्यासाठी सांगा."

म्हणलं, "सांगतो."

ग्रामसभा आली. मी मागं बसलो. दुसरी आली. मला ताप आला, खोटा. तिसऱ्या सभेला सुदाम दारापाशी माझी वाट बघत उभा व्हता म्हणं, मी गेलोच न्हाय. नंतर त्यानं इचारायचं सोडलं. दळण मातुर माझ्याकडंच आणायचा. पीठ हातानं चाचपून बघायचा, म्हणायचा, "बारीक झालंय, चांगलं झालंय." तीन वर्षं. तुरुंगात त्यो चौदा वर्षं व्हता, आन् गावात आल्यावर त्याची किल्ली माझ्या खिशात व्हती. म्या ती काढली न्हाय.

तो गेला. आता सांगतोय. मेलेल्या माणसाला सांगणं सोपं असतं, हे मला कळतंय, वैनी.

दत्ता, तुझ्या आईबापाला कुणी मारलं, ते आता बहुतेक कधीच कळणार न्हाय. कारण सुदामला धरला त्या दिवशी आपण शोधायचं सोडलं. त्यात माझा हात हाय.

प्रज्ञा, बाळा, तुझ्या बापानं कुणाला मारलं न्हाय. हे मी समद्या गावासमोर सांगतोय. लिहून देतो, वाचून सही करतो. माझ्यावर गुन्हा झाला तर होऊ द्या. उद्या वकीलबाईला फोन लाव, मी बोलतो.

आता समदे उभं राहू. दोन मिनिटं. कुणी खोकू नका, कुणी मोबाईल बघू नका. आपण त्याला काय काय म्हणलो, ते ज्यानं त्यानं मनातल्या मनात आठवा.

सुदामराव, जन्मभर तुमाला अरे-तुरे केलं. माफी मागत न्हाय, ती द्यायला तुमी इथं न्हाय. तुमाला जय भीम.