पाचवा प्रश्न

मुलगी : कपडे बदलू नका, अप्पा. आधी हे सांगा, हा फॉर्म तुम्हीच भरलात ना?

वडील : अक्षर माझंच आहे. का गं, चुकलं काही?

मुलगी : पाचवा प्रश्न. धातूच्या कामावर कधी होतात का, डोळ्यात कण गेला होता का. तुम्ही ‘नाही’वर खूण केलीत.

वडील : केली.

मुलगी : छत्तीस वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड कातत उभे होतात. डोळ्यात लोखंड उडालं तेव्हा मी सातवीत होते, दवाखान्यात तुमचा हात धरून बसले होते. डॉक्टर म्हणाले, एक कण काढला, दुसरा खोल रुतलाय, राहू दे.

वडील : राहिला की. कधी त्रास दिला नाही.

मुलगी : पलीकडच्या खोलीतलं ते यंत्र म्हणजे भलं मोठं लोहचुंबक आहे. मेंदूची चित्रं त्याच्यावरच निघतात. आत गेला असतात तर कण ओढला गेला असता. डोळा गेला असता, अप्पा.

वडील : मला कुठलं ठाऊक? मी आपला पंधरा दिवस तुझ्या प्रयोगासाठी बोटांचा धडा गिरवतोय. चार-एक-तीन-दोन, चार-एक-तीन-दोन. जेवताना ताटाच्या कडेवरसुद्धा. तुझी आई म्हणते, म्हातारा कामातून गेला.

मुलगी : विषय बदलू नका. खोटं का लिहिलंत?

वडील : वरची ओळ वाच.

मुलगी : व्यवसाय... निवृत्त हेडक्लार्क.

वडील : तुझ्या हाताखालची ती मुलगी फॉर्म देताना म्हणाली, ‘काका, तुम्ही ऑफिसात होतात ना? मॅडमनी सांगितलंय.’ आता क्लार्कच्या डोळ्यात लोखंड कुठून येणार?

मुलगी : ते... मी इथे नवीन होते तेव्हा बोलून गेले. मग तेच चालत राहिलं.

वडील : चालू दे की. क्लार्क तू केलंस, ‘हेड’ मी माझं लावून घेतलं.

मुलगी : अप्पा...

वडील : हात काम कसं शिकतात, त्यावर एवढा अभ्यास तुझा. बापाचे हात तेवढे झाकून ठेवायचे.

सहायक : (दारातून) मॅडम, सगळं तयार आहे. काकांना पाठवताय ना?

मुलगी : नाही. त्यांचा स्कॅन होणार नाही.

सहायक : का? काय झालं?

मुलगी : त्यांना... बंद जागेची भीती वाटते.

सहायक : अगंबाई. खरंच, काका?

वडील : हो, बाळ. लहानपणापासून.