हाडाला वेळ लागतो

तपासणी केंद्राच्या खिडकीपुढे रांग होती. रांगेत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या; त्यांच्या पुढ्यातच एक नवरा-बायको उभे होते. कान बंद करता येत नाहीत, म्हणून बाई ऐकत राहिल्या.

“आपल्याबरोबर तपासायला तुकडा दिलेल्यांचे रिपोर्ट कधीच आले. आपल्याच पोरीचा का अडकलाय?”

“अगं, त्यांचं मांस होतं, आपलं हाड आहे. हाडाला वेळ लागतो.”

“का पण?”

“हाडात चुना असतो. तसंच कापलं तर पातं मोडेल. म्हणून आधी अ‍ॅसिडात भिजत घालतात. रोज सुई टोचून बघतात, मऊ झालं का. मग कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात, रंगवतात, तेव्हा कुठे पेशी दिसतात.”

“आणि दिसतं काय?”

“पेशींच्या गोल गोल रांगा. झाडाच्या खोडात वलयं असतात ना, तशा. रांगा नीट असल्या की झालं.”

“आणि मोडलेल्या असल्या तर?”

“नको ते मनात आणू नकोस. माझ्याकडे बघ. मी करतोय का काळजी?”

“तुम्ही दगड आहात. रोज सकाळी खुशाल फिरायला जाता. इथे माझ्या डोळ्याला डोळा नाही.”

त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी मान वर केली.

“काका, सकाळीच सांगितलं ना? काल सांगितलं, परवा सांगितलं. सुई अजून अडतेय हो.”

नवरा खिशातली पावती उगाच शोधू लागला.

“अहो,” बायको म्हणाली, “उद्या मलाही उठवा. दोघं जाऊ फिरायला.”