सुनंदा मालगाडीखाली होती तेव्हा

माझं माहेर टिटवाळ्याला, सासर खडवलीला, म्हणजे जन्म सगळा रुळांच्या कडेलाच गेला म्हणा. नदीकाठी भाजी लावायची आणि मी आणि माझी धाकटी जाऊ सुनंदा, दोघींनी टोपल्या घेऊन कल्याणला विकायला जायचं, अजून जातो.

आता आमच्याकडं कसंय, लोकलला वेगळी लाईन नाही, मालगाडीपण त्याच रुळांवरून, मग मागून मेल आली की मालगाडी बाजूला उभी करतात, आणि ती एवढी लांब की फलाटावर जायची आमची वाटच बंद. पूल आहे, नाही असं नाही, पण तो पार त्या टोकाला, आणि डोक्यावर ओझं. मग लोक डब्याखालून वाकून जातात. आम्हीपण जायचो.

त्या दिवशी मालगाडी अशीच आडवी उभी होती, लोकलचा भोंगा आला आणि सुनंदा म्हणाली ताई चला, मी म्हटलं थांब गं, हिचा काय भरवसा, ती म्हणाली मघापासून उभीये, आता कुठं हलतेय, आणि मेथीची टोपली पुढं ढकलून शिरली खाली. आणि काय सांगू तुम्हाला, गाडीला झटका बसला. तो आवाज असतो ना, पुढून धाडधाड करत एकेक डबा मागं येतो, तो आमच्यापर्यंत आला आणि चाकं फिरली. मी ओरडले, आडवी पड, सुनंदा, आडवी पड, उठू नको. मला नुसती तिची लाल साडी दिसायची, मग चाक, मग साडी, मग चाक. घसा बसला तरी मी आपली उठू नको, उठू नको. लोक हात हलवत गार्डाच्या डब्याकडं पळाले, पण तेवढी गाडी थांबते होय लगेच. सगळी गेली तिच्यावरून.

गेली, तरी ती तशीच पालथी, तोंड खडीत. मग तिनं मान वळवली आणि म्हणाली, ताई, उठू का आता?

हनुवटी फुटली तेवढीच. आता आम्ही दोघी पुलावरूनच जातो, लोकल सुटली तर सुटली. पण तिची पोरगी कॉलेजला जाते, मालगाडी आडवी असली की मी तिचा हात धरते, ती म्हणते काकी सोड ना, परीक्षा आहे. मी नाही सोडत. पण मी काय रोज असते तिच्याबरोबर? घरी असले आणि मालगाडी थांबल्याचं ऐकू आलं की हातातलं काम तसंच राहतं, कान सगळे तिकडं. गाडी निघून गेली, कुणी ओरडलं नाही, की मग जिवात जीव येतो. सुखी राहू देत सगळी पोरं, उशिरा पोचू देत, पण पुलावरून जाऊ देत.