वरून सगळं दिसतं!

आता मला सांगा, आकाशातला उपग्रह खोटं कशाला बोलेल? त्याला ना बढती हवी, ना बदली! पण नाही... आमचे निगमसाहेब पडले लखनौचे, कान उपटतील तोही अत्तर लावून. "मधुकरजी, आसमान से धोखा हो सकता है, ज़मीन झूठ नहीं बोलती।"

तुम्हाला सांगतो, सहा वर्षं खपून मी तो नकाशा उभा केलाय. उपग्रह मातीतली ओल सांगतो, ओल नाही तिथं आम्ही लाल रंग भरतो, लाल झालं की गाव दुष्काळाच्या यादीत, म्हणजे मदत सुरू. यंदा चिनहटच्या पुढचा सगळा पट्टा लालभडक... आणि बरोबर मधोमध, पडताळणीसाठी मीच शेतात खांब रोवून बसवलेलं यंत्र म्हणतंय, माती चिंब! झालं. सोमवारपर्यंत मेळ बसला नाही तर नकाशा बाद. घरी सुनेत्राला सांगितलं, तर बाई पोळी लाटता लाटता म्हणते, "वरून सगळं दिसतं ना तुम्हाला? मग फ्रिजमधलं लोणी समोर असून कसं दिसत नाही?"

वरून सगळं दिसतं! म्हटलं, बरं, खाली जाऊन बघू. तेलीबागेतून सकाळी सातला निघालो, वाटेत ट्रकांच्या मागं तासभर सडलो, शेतात पोचतो तर काय... चहूकडं हातहात भेगा, आणि माझ्या खांबाभोवती चिखल! खांबाला झेंडूची माळ, पेटीला शेंदूर, आणि शेताची मालकीण फूलमती अम्मा त्याच्या बुडाशी लोटाभर पाणी ओततेय, अगदी मायेनं. मागं आणखी चार बायका, चार लोटे!

म्हटलं, अम्मा, हे यंत्र आहे, सरकारी आहे, देव नाही. ती शांतपणे म्हणाली, "भैया, पहिले तो आप ही हाथ जोड़े थे।"

मग आठवलं. यंत्र बसवलं तेव्हा शेत ओलं होतं म्हणून बूट काढले होते, सिग्नल येईना म्हणून तीन तास त्याच्यापुढं उकिडवा बसलो होतो, आणि हिरवा दिवा लागला तेव्हा... जोडले हो हात! तुम्ही नसते जोडले?

खांब उपटून पन्नास पावलं पलीकडं रोवला, बायकांना विनवलं, सोमवारपर्यंत पाण्याचा थेंब नको. अम्मा म्हणाली, मग अगरबत्ती तरी? म्हटलं लावा, धूर नाही मोजत आम्ही.

सोमवारी पुन्हा हजर. यंत्राचा आकडा बघितला, उपग्रहाचा बघितला... तंतोतंत! तिथूनच साहेबांना पाठवला. नकाशा वाचला, गाव यादीत गेलं, इतका आनंद झाला म्हणून सांगू! इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कुणी नव्हतं. बूट काढले, हात जोडले, डोळे मिटले...

वरून सगळं दिसतं हो, मागचं कुठं दिसतं? वळून बघतो तर फूलमती अम्मा, आणि या खेपेला नऊ बायका, नऊ लोटे. आकडा आधीच पाठवला होता, एवढंच नशीब. काय करणार? बाजूला सरकलो आणि म्हटलं, "आइए."