गेलेली व्यक्ती तुमची कोण?

स्वरदा : ...आणि इथे खाली 'आमच्याविषयी' येईल, काका. शौनकने वेबसाइटसाठी लिहून ठेवलं होतं तसंच घेतलंय मी. वाचू?

देवव्रत : वाच.

स्वरदा : 'रामकुंडावर दशक्रिया आणि श्राद्धविधी करणारी आमच्या घराण्याची ही पाचवी पिढी.'

देवव्रत : चौथी कर.

स्वरदा : काका?

देवव्रत : चिंतामणशास्त्री माझे वडील, ती तिसरी. मी चौथा. पाचवा शौनक होता. आता चौथीच.

स्वरदा : हो... केलं. आणि फोटो? तुम्ही दोघं घाटाच्या पायरीवर बसलायत, तो त्याने सगळ्यात वर लावला होता.

देवव्रत : काढ. लोक फोटो बघून त्यालाच विचारत येतील. माझ्या भावाचा, किशोरचा लाव, सध्या तोच यजमान बघतो.

कुसुम : चहा घे गं, स्वरदा. फोटो राहावा असं वाटतं मला, पण माझं कोण विचारतंय. आणि यांना विचारून काय उपयोग? विचारलं की उत्तर येतं, पण त्या उत्तरात हे नसतात.

देवव्रत : कुसुम, काम चाललंय.

कुसुम : काम किशोरभावजी करतायत. चार महिने झाले, सुतक केव्हाच फिटलं, पण हे घाटाकडे फिरकलेले नाहीत. घरात एकदा रडलेले नाहीत. त्या खिडकीशी बसतात, जेवायला हाक मारली की येतात. तू त्याच्याबरोबर शिकलीस, तुझ्यासमोर बोलायला मला काय. मुलगा तर गेलाच, पण हाही माणूस माझ्या हातचा जातोय.

स्वरदा : काकू, आपण हे पुढे ढकलू या का? मला घाई नाही.

देवव्रत : ढकलायचं नाही. वणीच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली, त्याच्या आदल्या दिवशी तो म्हणाला होता, बाबा, फॉर्ममध्ये काय विचारायचं तेवढं सांगा, बाकी सगळं होत आलंय. मी म्हटलं, उद्या बघू. ते सांगायचं राहिलंय. घे लिहून.

स्वरदा : सांगा.

देवव्रत : यजमानाचं नाव. गाव. गोत्र, माहीत नसेल तर रिकामं सोडलं तरी चालेल. गेलेल्या व्यक्तीचं नाव. कधी गेली. आणि ती तुमची कोण.

स्वरदा : त्या शेवटच्याला यादी देते. म्हणजे लोकांना टाइप करत बसायला नको, नुसतं बोट लावायचं. यादीत काय काय घालू?

देवव्रत : वडील, आई. आजोबा, आजी. पती, पत्नी. भाऊ, बहीण. काका, काकू. सासू, सासरे.

स्वरदा : एवढंच?

देवव्रत : एवढंच.

(पंधरा दिवसांनी, सकाळी. तीच खोली. कुसुम आत स्वयंपाकघरात.)

स्वरदा : रंग एकदा बघून घ्या, काका. भगवा काढून टाकला, सगळ्यांचाच तसा असतो. अक्षर मोठं केलंय, मनमाड-सटाण्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनाही मोबाइलवर वाचता येईल.

देवव्रत : ठीक आहे.

स्वरदा : आवडलं का?

देवव्रत : ठीक आहे म्हणालो ना.

स्वरदा : मग सुरू करण्याआधी माझ्याशिवाय कुणीतरी एकदा फॉर्म भरून बघायला हवा. मला आता माझ्या चुका दिसेनाशा झाल्यात. काकू, तुमच्या मोबाइलवर लिंक पाठवलीय. काहीही भरा, खोटं नाव चालेल.

कुसुम : कणीक मळून झालीय, हात धुते आणि भरते... हं, उघडलं. नाव टाकलं. गाव टाकलं... स्वरदा, मी अडकले गं.

स्वरदा : कुठे, काकू?

कुसुम : गेलेली व्यक्ती तुमची कोण, म्हणून विचारतंय. यादीतलं एक निवडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

स्वरदा : मग निवडा ना कुठलंही.

कुसुम : यात मुलगा नाही. खोटं नाव सुचेना मला.

स्वरदा : काकू, सॉरी. काकांनी सांगितलं तेवढंच घातलं मी. तेव्हाच विचारायला हवं होतं.

देवव्रत : तुझी चूक नाही. मीच सांगितलं नाही.

कुसुम : विसरलात?

देवव्रत : महिन्यातून एकदा तरी कुणीतरी बाप बसायचा माझ्यासमोर. तरणाताठा मुलगा गेलेला. मीच त्याच्या हातात पिंड द्यायचो. तीस वर्षं. आणि यादी सांगताना मुलगा आठवला नाही. खरंच नाही आठवला, कुसुम.

कुसुम : दहाव्याला किशोरभावजींनी एक ओळ गाळली, तर तुम्ही त्यांना थांबवून परत म्हणायला लावलीत. पिंडाला कावळा शिवला तेव्हा म्हणालात, चला, वेळेत झालं. मी ते विसरू शकले नाही. चार महिने राग धरून बसलेय तुमच्यावर.

देवव्रत : मला काही होतच नव्हतं. वाटायचं, आज नाही, उद्या येईल रडू. मग उद्याही सकाळ व्हायची, दात घासायचो, चहा प्यायचो.

स्वरदा : मी... मुलगा आणि मुलगी, दोन्ही घातलं. काकू, ते पान परत उघडा.

कुसुम : दिसतंय. निवडलं. पाठवू?

स्वरदा : पाठवा. काका, तुमच्या मोबाइलवर आलं का बघा.

देवव्रत : आलं. कुसुम. गाव नाशिक. गेलेली व्यक्ती शौनक. नातं, मुलगा.

स्वरदा : म्हणजे फॉर्म चालतोय. ही चाचणीची नोंद पुसते आणि साइट सुरू करते.

देवव्रत : साइट सुरू कर. नोंद पुसू नकोस.

स्वरदा : पण ती काकूंची आहे, काका.

देवव्रत : नोंद आली की गुरुजींनी स्वतः बोलायचं. माझ्या वडिलांनी कधी माणसाकरवी निरोप धाडला नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांच्याशी आपण स्वतः बोलायचं असतं.

स्वरदा : ...सुरू झाली, काका. आता कुणालाही दिसेल. मी जरा बाहेर ओट्यावर जाऊन बसते.

(स्वयंपाकघरात कुसुमचा मोबाइल वाजतो.)

कुसुम : हॅलो?

देवव्रत : नमस्कार. पंचवटीतून देवव्रत गुरुजी बोलतोय. आपली नोंद मिळाली.

कुसुम : अहो, मी इथे आतच आहे.

देवव्रत : माहीत आहे. समोर येऊन नाही बोलता येणार मला.

कुसुम : मग असंच बोला.

देवव्रत : कोण गेलं आपलं?

कुसुम : शौनक. मुलगा माझा.

देवव्रत : वय?

कुसुम : सत्तावीस. चैत्रात अठ्ठावीस पूर्ण झाली असती.

देवव्रत : पुढे... पुढे काय विचारतो गं मी लोकांना?

कुसुम : कसा होता, ते विचारता.

देवव्रत : कसा...

कुसुम : विचारा तुम्ही. मी आहे फोनवर.